मार्व्हलची दिवाळखोरी आणि दुकानदारांच्या गळ्यात पडलेला माल

२७ डिसेंबर १९९६ रोजी मार्व्हल एंटरटेनमेंट ग्रुपने अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. स्पायडरमॅन, हल्क, कॅप्टन अमेरिका, एक्स-मेन, फँटास्टिक फोर अशा सगळ्यांची मालकी असलेली ही कंपनी होती. पाचच वर्षांपूर्वी तिच्या एका अंकाने ८१ लाख प्रतींचा विश्वविक्रम केला होता. शेअर बाजारात १९९३ मध्ये ३५ डॉलरच्या वर गेलेला तिचा शेअर अर्ज करण्याच्या सुमारास अडीच डॉलरच्याही खाली आला होता.

या घसरणीची कारणं नेहमी सांगितली जातात ती अशी : मुलं व्हिडिओ गेमकडे वळली, कथा रटाळ झाल्या, कॉमिक्स साठवून श्रीमंत होऊ पाहणाऱ्यांचा फुगा फुटला. ही कारणं खोटी नाहीत. पण त्या काळातले व्यवहार एकापुढे एक मांडून पाहिले की माझं लक्ष दर वेळी एकाच माणसाकडे जातं. तो म्हणजे गल्लीतला कॉमिक्सचा दुकानदार. मार्व्हलच्या खपाचे आकडे, त्या आकड्यांवर चढलेला शेअरचा भाव आणि त्या भावावर काढलेली कर्जं हे सगळं त्याने आगाऊ नोंदवलेल्या मागणीवर उभं होतं. जोखीम त्याची होती आणि निर्णय भलतेच लोक घेत होते.

माल एकदा घेतला की घेतला

हे समजायला अमेरिकेत कॉमिक्स विकली कशी जात, ते आधी पाहावं लागेल. मार्टिन गुडमन यांनी १९३९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये टाइमली या नावाने, पुढे जी मार्व्हल झाली ती कंपनी सुरू केली, तेव्हा अंक वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर आणि औषधाच्या दुकानांत विकले जात. न खपलेला अंक परत जाई. परत म्हणजे बहुतेक वेळा फक्त मुखपृष्ठ फाडून पाठवायचं आणि पैसे वळते करून घ्यायचे. विक्रेत्याला धोका नव्हता, सगळा धोका प्रकाशकाचा होता.

या पद्धतीत वितरक हा प्रकाशकाचा प्राण होता आणि मार्व्हलने ते फार लवकर अनुभवलं होतं. गुडमन यांची स्वतःची वितरण कंपनी होती, ॲटलस. ती बंद करून त्यांनी काम अमेरिकन न्यूज कंपनीकडे सोपवलं आणि १९५७ मध्ये त्या कंपनीचंच वितरण कोसळलं. मग प्रतिस्पर्धी नॅशनलच्या, म्हणजे आजच्या डीसीच्या, मालकीच्या वितरकाकडे जावं लागलं. त्याने अट घातली की महिन्याला आठच अंक उचलू. लेखक-संपादक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी व स्टीव्ह डिटको यांनी १९६१ पासून जे विश्व उभं केलं, ते या जाचाखाली. हल्कचं पहिलं मासिक सहा अंकांत बंद पडलं, त्या काळात नव्या मासिकाला जागा हवी तर जुनं बंद करणं भाग असे.

सत्तरच्या दशकात स्टॉलवरचा धंदा ढासळत चालला. छापलेल्या प्रतींपैकी निम्म्याहून अधिक परत येत. त्यावर तोडगा काढला फिल सूलिंग या ब्रुकलिनच्या शाळामास्तराने. कॉमिक्सची संमेलनं भरवणाऱ्या या माणसाने १९७३ च्या सुमारास प्रकाशकांपुढे प्रस्ताव ठेवला : आम्हाला जास्त कमिशन द्या, न खपलेला माल आम्ही परत करणार नाही. यातूनच खास कॉमिक्सची दुकानं निघाली. दुकानदार दोन-तीन महिने आधी यादी पाहून मागणी नोंदवायचा. मागवलेला माल त्याचा, उरला तरी त्याचाच. उरलेले अंक तो जुने अंक म्हणून पुढे विकत बसे.

ही पद्धत वाईट नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवं. तिने कॉमिक्स वाचवली. मार्व्हलने १९८१ मध्ये ‘डॅझलर’चा पहिला अंक फक्त या दुकानांसाठी काढला आणि त्याच्या ४ लाखांवर प्रती उचलल्या गेल्या. गिऱ्हाइकाला नावाने ओळखणारा, कोणाला काय आवडेल ते जाणणारा दुकानदार असेल, तर अंदाज फारसा चुकत नसे.

पण पद्धतीत एक खोट होती. प्रकाशकाच्या वहीत ‘विक्री’ म्हणून जे लागायचं, ती दुकानदाराची खरेदी होती. अंक वाचकाच्या हातात गेला की मागच्या खोलीत खोक्यात पडून राहिला, याच्याशी प्रकाशकाच्या हिशेबाचा संबंधच उरला नव्हता.

पेरेलमन यांचं गणित

गुडमन यांनी १९६८ मध्ये कंपनी विकली. पुढे ती दोन-तीन हात बदलत न्यू वर्ल्ड या चित्रपट कंपनीकडे गेली आणि जानेवारी १९८९ मध्ये रॉन पेरेलमन यांनी ती ८ कोटी २५ लाख डॉलरला घेतली. पेरेलमन म्हणजे कर्ज काढून कंपन्या विकत घेण्यासाठी प्रसिद्ध असलेले उद्योगपती. रेव्हलॉन ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी त्यांनी चार वर्षांपूर्वी अशीच मिळवली होती. मार्व्हलकडे ते छोटी डिस्नी म्हणून पाहत होते. ही दृष्टी चुकीची नव्हती, पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पण ती खरी करण्यासाठी चित्रपट, मालिका, कथा यांत वर्षानुवर्षं पैसा घालावा लागतो. पेरेलमन यांनी वेगळा रस्ता धरला.

आधी अंकांची किंमत वाढवली, शीर्षकांची संख्या वाढवली आणि एकाच अंकाची अनेक मुखपृष्ठं काढायला सुरुवात केली. चित्रकार टॉड मॅकफार्लेन यांच्या ‘स्पायडरमॅन’च्या पहिल्या अंकाच्या १९९० मध्ये साधारण २५ लाख प्रती गेल्या. पुढच्या वर्षी ‘एक्स-फोर्स’च्या पहिल्या अंकाच्या पिशवीत संग्राह्य कार्ड घातलं. कार्डं पाच प्रकारची होती, म्हणजे संच पुरा करायचा तर तोच अंक पाच वेळा घ्यायचा. त्याच्या ५० लाखांच्या आसपास प्रती गेल्या. जुलै १९९१ मध्ये मार्व्हलचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात साडेसोळा डॉलरला आले आणि पाठोपाठ ‘एक्स-मेन’चा नवा पहिला अंक पाच रूपांत निघाला. चार मुखपृष्ठं जोडली की एक सलग चित्र व्हायचं, पाचव्यात ते अख्खंच होतं. एकूण ८१ लाख प्रती.

इतके वाचक अमेरिकेत नव्हते. एकेक गिऱ्हाईक चार-पाच प्रती घेऊन प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवत होतं, कारण १९३८ आणि १९३९ चे अंक लिलावात हजारो डॉलरना जात असल्याच्या बातम्या त्याने वाचल्या होत्या. ते जुने अंक दुर्मिळ का होते, तर मुलांनी ते वाचून फाडले होते आणि युद्धकाळात रद्दीत गेले होते. लाखो लोकांनी जपून ठेवलेला अंक दुर्मिळ होणार कसा? ‘एक्स-मेन’चा तो अंक आजही किरकोळ किमतीत मिळतो. त्याच्या न खपलेल्या प्रती दुकानांत वर्षानुवर्षं पडून होत्या.

चित्रकारांची नाराजी याच काळातली आहे. अंक त्यांच्या नावावर विकले जात होते, पात्रांची मालकी आणि खेळणी-कपड्यांवरची कमाई कंपनीची होती. १९९२ च्या सुरुवातीला मॅकफार्लेन, जिम ली, रॉब लायफेल्ड यांच्यासह सात जण बाहेर पडले आणि त्यांनी इमेज कॉमिक्स काढली. ज्या माणसांमुळे २५ लाख आणि ८१ लाखांचे आकडे दिसले, तीच निघून गेली. मार्व्हलच्या वरच्या मजल्यावर समज अशी होती की लोक पात्रांसाठी अंक घेतात. पात्रं महत्त्वाची होतीच, पण दुकानदाराला त्याच आठवड्यात कळलं होतं की गिऱ्हाईक चित्रकाराच्या मागे चाललं आहे.

दरम्यान मार्व्हल खरेदी करत सुटली. १९९२ मध्ये बेसबॉलपटूंची संग्राह्य कार्डं काढणारी फ्लिअर, १९९४ मध्ये इटलीतली स्टिकरवाली पानिनी आणि कॉमिक्स काढणारी मालिबू, १९९५ मध्ये १५ कोटी डॉलरना कार्डंच काढणारी स्कायबॉक्स. १९९३ मध्ये टॉय बिझ या खेळणी कंपनीत ४६ टक्के भाग घेतला आणि त्या बदल्यात टॉय बिझला मार्व्हलच्या पात्रांची खेळणी बनवण्याचा कायमचा, रॉयल्टी न देता मिळणारा हक्क दिला. हा करार लक्षात ठेवावा. या खरेद्या बहुतांश बँकांच्या कर्जातून झाल्या. ऑगस्ट १९९४ मध्ये बेसबॉलपटू संपावर गेले, हंगाम अर्धवट संपला आणि कार्डांची मागणी आटली.

याहून गंभीर व्यवहार वरच्या पातळीवर झाला. पेरेलमन यांच्याकडे मार्व्हलचे शेअर थेट नव्हते, एकावर एक रचलेल्या होल्डिंग कंपन्यांकडे, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे शेअर बाळगण्यासाठीच काढलेल्या कंपन्यांकडे होते. या कंपन्यांनी १९९३ आणि १९९४ मध्ये मार्व्हलचे शेअर तारण ठेवून रोखे विकले आणि साधारण ५५ कोटी डॉलर उभे केले. हा पैसा मार्व्हलकडे आला नाही, पेरेलमन यांच्या इतर कंपन्यांकडे गेला. रोखे घेणाऱ्यांच्या हातात सुरक्षा एवढीच की शेअरचा भाव टिकेल. भाव टिकणार नफ्यावर, नफा ‘विक्री’वर आणि ती विक्री म्हणजे दुकानदाराने परत न करण्याच्या बोलीवर उचललेला माल.

हीरोज वर्ल्ड

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत घातक निर्णय कर्जाचा नव्हता. तो डिसेंबर १९९४ चा होता. त्या महिन्यात मार्व्हलने न्यू जर्सीतला हीरोज वर्ल्ड हा वितरक विकत घेतला. काही महिन्यांनी तिने जाहीर केलं की जुलै १९९५ पासून मार्व्हलचे अंक देशभर फक्त हीरोज वर्ल्डकडूनच मिळतील.

कागदावर विचार सरळ दिसतो : मधला वितरक जो नफा खातो, तो आपणच घ्यावा. शिवाय १९५७ चा धडा पाहता स्वतःच्या हातात वितरण असण्याचा मोह समजण्यासारखा आहे. पण हीरोज वर्ल्ड हा मुख्यतः ईशान्येकडच्या राज्यांत काम करणारा वितरक होता. बाल्टिमोरची डायमंड आणि विस्कॉन्सिनची कॅपिटल सिटी यांच्यापुढे तो लहान होता. त्याच्यावर एका उन्हाळ्यात अख्ख्या देशाची दुकानं येऊन पडली. मागितलेले अंक येईनात, न मागितलेले येऊ लागले, बिलं चुकली, तक्रारीसाठी फोन लागेना. आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी नवा अंक हाती मिळणं यावरच ज्या दुकानाचं गिऱ्हाईक टिकून असतं, त्याला असा गोंधळ दोन-तीन महिनेही झेपत नाही.

त्याहून खोल घाव कमिशनच्या हिशेबात होता आणि बाहेरून पाहणाऱ्याला तो दिसत नाही. डायमंड किंवा कॅपिटल सिटीकडून मिळणारं कमिशन दुकानाच्या एकूण खरेदीवर ठरायचं. जितका जास्त माल, तितकी वरची पायरी. मार्व्हल म्हणजे बाजाराचा साधारण तिसरा हिस्सा. तो एकदम दुसरीकडे गेल्यावर जुन्या वितरकाकडची खरेदी घटली आणि दुकान खालच्या पायरीवर आलं. म्हणजे डीसी, डार्क हॉर्स, इमेज अशा सगळ्यांच्या अंकांवरचा दुकानदाराचा नफाही कमी झाला. वर दोन ठिकाणी खाती, दोन ठिकाणचा वाहतूक खर्च. १९९३ पासून न खपलेल्या मालाने आधीच वाकलेल्या दुकानांवर हा भार पडला. त्या काही वर्षांत अमेरिकेतली हजारो दुकानं बंद झाली.

बाकीचे प्रकाशक स्वस्थ बसणं शक्य नव्हतं. डीसीने डायमंडशी एकट्याचा करार केला, पाठोपाठ इमेज आणि डार्क हॉर्सही तिकडेच गेले. कॅपिटल सिटीकडे छोटे प्रकाशक तेवढे उरले आणि १९९६ च्या उन्हाळ्यात डायमंडने तिला विकत घेतलं. १९९७ मध्ये हीरोज वर्ल्ड बंद पडली आणि मार्व्हल निमूटपणे डायमंडकडे परतली. अडीच वर्षांपूर्वी दुकानदाराला वितरक निवडता येत होता, आता सगळ्या देशाला एकच उरला.

न्यायालयातली लढत

१९९५ मध्ये मार्व्हलला सुमारे ४ कोटी ८० लाख डॉलरचा तोटा झाला. जानेवारी १९९६ मध्ये तिने जवळपास पावणेतीनशे लोकांना कामावरून काढलं. वर्षअखेरीला बँकांचं कर्ज फेडण्याची सोय उरली नाही, तेव्हा पेरेलमन यांनी योजना मांडली : मी ३६ कोटी डॉलरच्या आसपास घालतो, बदल्यात ८५ सेंट दराने नवे शेअर द्या. इतके नवे शेअर निघाले असते तर जुन्या शेअरना किंमत राहिली नसती आणि रोखेधारकांचं तारण तेच जुने शेअर होते. पेरेलमन यांचे रोखे ज्यांनी घेतले, त्यांचं तारण पेरेलमनच निकामी करत होते.

रोखेधारकांच्या बाजूने उभे राहिले कार्ल आयकान. अडचणीतल्या कंपन्यांचे रोखे स्वस्तात घेऊन भांडणारे म्हणून त्यांचं नाव होतं. तारण शेअरवरचा मतदानाचा हक्क न्यायालयाकडून मिळवून त्यांनी जून १९९७ मध्ये संचालक मंडळ ताब्यात घेतलं. पण बँकांचं देणं बाकीच होतं आणि बँका आयकान यांच्या बाजूला नव्हत्या.

इथे टॉय बिझचा तो करार महत्त्वाचा ठरला. टॉय बिझ चालवत होते आयझॅक पर्लमटर आणि त्यांचे सहकारी अवी अराद, दोघेही इस्रायलमधून अमेरिकेत आलेले. मार्व्हल आयकान यांच्याकडे गेली आणि त्यांनी तो हक्क मोडून काढला, तर टॉय बिझकडे विकायला काहीच उरणार नव्हतं. अराद यांनी बँकांच्या प्रतिनिधींसमोर ठासून सांगितलं की तडजोडीत जे पैसे देऊ केले जात आहेत ते घेऊ नका, एकटा स्पायडरमॅनच शंभर कोटी डॉलरचा आहे. त्या खोलीत पात्रांना नुसतं तारण न समजता त्यांच्या गोष्टींचं मोल ओळखणारा हा माणूस होता आणि त्याचं म्हणणं बँकांना पटलं. डिसेंबर १९९७ मध्ये न्यायालयाने निवृत्त न्यायाधीश जॉन गिबन्स यांना विश्वस्त नेमलं. १९९८ च्या उन्हाळ्यात टॉय बिझची योजना मंजूर झाली आणि १ ऑक्टोबर १९९८ ला दोन्ही कंपन्या एक होऊन मार्व्हल एंटरप्रायझेस झाली. फ्लिअर आणि स्कायबॉक्स मिळून २ कोटी ६० लाख डॉलरना विकल्या गेल्या. त्यातली एकटी स्कायबॉक्स १९९५ मध्ये १५ कोटींना घेतली होती.

बँका, रोखेधारक, पेरेलमन आणि टॉय बिझ अशा चार बाजूंमध्ये ही लढत झाली. कंपनीचा माल ज्यांच्या दुकानांतून लोकांपर्यंत पोचत होता, त्यांचं म्हणणं कोणी विचारलं नाही.

पुढची वर्षं

नव्या मालकांनी खर्च कमालीचा आवळला आणि पात्रांचे हक्क भाड्याने देण्यावर भर दिला. ‘ब्लेड’ १९९८ मध्ये, ‘एक्स-मेन’ २००० मध्ये, ‘स्पायडरमॅन’ २००२ मध्ये पडद्यावर आले. २००४ मध्ये पवित्र प्रभाकर हा मुंबईतला स्पायडरमॅन निघाला, तोही गोथम एंटरटेनमेंट या कंपनीला दिलेल्या अशाच परवान्यातून. हक्क भाड्याने दिले की मोठा नफा चित्रपट कंपन्या नेतात, हे लक्षात आल्यावर २००५ मध्ये मार्व्हलने मेरिल लिंच या गुंतवणूक बँकेकडून ५२ कोटी ५० लाख डॉलरची कर्जसोय घेतली. तारण होते दहा पात्रांचे चित्रपट हक्क. पुन्हा पात्रंच तारण, पण या वेळी पैसा चित्रपट करण्यासाठी वापरला गेला. फरक मला इथे दिसतो. २००८ मध्ये ‘आयर्न मॅन’ आला आणि २००९ मध्ये डिस्नीने सुमारे ४०० कोटी डॉलरना मार्व्हल घेतली.

२००८ मध्येच पेरेलमन यांनी रोख्यांच्या पैशांवरून चाललेल्या दाव्यात ८ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. ही रक्कम त्यांनी १९८९ मध्ये अख्ख्या मार्व्हलसाठी मोजलेल्या किमतीच्या जवळपास आहे. जॅक कर्बी फेब्रुवारी १९९४ मध्ये गेले. त्यांच्या वारसांचा पात्रांच्या हक्कांसाठीचा दावा खालच्या दोन्ही न्यायालयांत फेटाळला गेला आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या उंबरठ्यावर तो तडजोडीने मिटला.

दुकानदारांनी दाद मागितली ती २००२ मध्ये. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका दुकानदाराने सगळ्या दुकानांच्या वतीने मार्व्हलवर दावा लावला. उशिरा आलेले किंवा जाहीर केल्यापेक्षा वेगळे निघालेले अंक मार्व्हलच्या स्वतःच्या विक्रीच्या अटींप्रमाणे परत घेतले जायला हवे होते, ते घेतले गेले नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं. तडजोड झाली आणि दुकानांच्या खात्यांवर पैसे जमा झाले. परतीचा हक्क सोडून जो धंदा उभा राहिला, त्यात निदान लेखी अटी तरी पाळा, एवढंच मागणं होतं.

डायमंडच्या मक्तेदारीची अमेरिकेच्या न्याय खात्याने चौकशी केली, पण २००० मध्ये ती कारवाई न करता बंद झाली. त्यानंतर वीस वर्षं एका वितरकावर अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक कॉमिक्सच्या दुकानाचा बुधवार, म्हणजे नवे अंक येण्याचा दिवस, अवलंबून राहिला. कोविडच्या साथीत २०२० मध्ये डायमंडने नवा माल पाठवणं थांबवलं, तेव्हा पर्यायच नव्हता. डीसी त्याच वर्षी बाहेर पडली, मार्व्हल २०२१ मध्ये पेंग्विन रँडम हाउसकडे गेली आणि जानेवारी २०२५ मध्ये डायमंडनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. मोठे प्रकाशक तोवर निघून गेले होते. अडकले ते छोटे प्रकाशक, ज्यांचे अंक डायमंडच्या गोदामात विक्रीसाठी ठेवलेले होते आणि तो माल नेमका कोणाचा यावर त्यांनाच न्यायालयात भांडावं लागलं.